भरतीच्या विजेचा हिशेब आणि लाटा

भरती-ओहोटीच्या प्रवाहापासून मिळणारी वीज चंद्र-सूर्याच्या गतीवर अवलंबून असल्यामुळे ती अनेक वर्षे आधी अचूक सांगता येते, असे या विषयावरच्या लेखांत हमखास वाचायला मिळते. भरतीच्या वेळांबाबत ते खरेच आहे. पण टर्बाइनची पाती ज्या पाण्यात फिरतात, त्यातून वाऱ्याने उठवलेल्या लाटाही जात असतात आणि वाऱ्याचे वेळापत्रक चंद्र ठरवत नाही.

लाट केवळ पृष्ठभागावर असते, हा समज आधी दूर करायला हवा. लाटेखालचे पाणी वर्तुळाकार फिरते आणि ही वर्तुळे खोलीबरोबर लहान होत जातात. खोल समुद्रात ५ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट सुमारे ३९ मीटर लांब असते आणि २० मीटर खाली तिची जेमतेम ४ टक्के हालचाल उरते. १० सेकंदांच्या लाटेची लांबी मात्र १५६ मीटर असते आणि तेवढ्याच खोलीवर तिची सुमारे ४५ टक्के हालचाल शिल्लक असते.

ही हालचाल पुढे-मागे सारखीच होत असल्याने सरासरीत तिची बेरीज शून्य होईल, असे कोणालाही वाटेल. वेगाच्या बाबतीत ते बरोबर आहे, ऊर्जेच्या बाबतीत नाही, कारण वाहत्या पाण्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सतत सेकंदाला २ मीटर असेल तर घन ८. पण तो अर्धा वेळ ३ आणि अर्धा वेळ १ असेल, तर सरासरी वेग २ राहूनही २७ आणि १ यांची सरासरी १४ येते! प्रत्यक्षातला चढउतार सौम्य असतो. लाटेमुळे वेग २च्या वर-खाली अर्ध्या मीटरने संथपणे हलला, तर वाढ सुमारे ९ टक्के होते. दहा मिनिटांची सरासरी काढून मग तिचा घन केला, की ही वाढ हिशेबातून गळते.

म्हणून लाटा वीज वाढवतात, असा उत्साही निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. टर्बाइनची कमाल क्षमता ठरलेली असते. प्रवाह त्या मर्यादेवर असताना लाटेच्या पुढच्या हेलकाव्यातली जादा शक्ती वाया जाते, मागच्या हेलकाव्यातली घट तेवढी पदरी पडते. शिवाय लांब लाटा तळालगतचे पाणी घुसळून घर्षण वाढवतात आणि मूळ प्रवाहच मंदावतो. तो ५ टक्क्यांनी मंदावला, तरी शक्ती १४ टक्क्यांनी घटते.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीत ओहोटीचा प्रवाह पश्चिमेकडे, म्हणजे अटलांटिकमधून येणाऱ्या लाटांवर चालून जातो. त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या होतात. भरतीत दोघांची दिशा एक असल्याने त्याच लाटा लांबतात. तेथे एकाच दिवसाच्या भरतीसाठी आणि ओहोटीसाठी लाटांचा परिणाम वेगवेगळा मोजावा लागतो, आणि उन्हाळ्यातल्या शांत महिन्यात घेतलेली मोजमापे हिवाळ्यातल्या वादळी समुद्राला लावता येत नाहीत.