हलका छर्रा लवकर दमतो

एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे मारून खेळायची लुटुपुटीची लढाई. तिच्या रायफलीसाठी छर्रे घेताना बहुतेकांचा हात ०.२० ग्रॅम वजनाच्या छर्‍यांच्या पिशवीकडे जातो. ती स्वस्त असते आणि वेगही जास्त दिसतो. छर्‍याला १ ज्यूल ऊर्जा देणारी रायफल हा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सोडते. तेवढ्याच ऊर्जेत ०.४० ग्रॅमचा छर्रा जेमतेम ७० गाठतो. पण हा झाला नळीच्या तोंडाशी मोजलेला वेग. खेळ होतो तीस-चाळीस मीटरवर, आणि मधे हवा असते.

सुटताक्षणी हलक्या छर्‍यावर हवेचा रोध त्याच्या वजनाच्या तीसपटीहून जास्त असतो! दोन्ही छर्रे ६ मिलिमीटरचेच, पण जडाचा वेग मोडायला हवेला जास्त अंतर लागतं. ढोबळ हिशेबाने हलक्याचा वेग दर २० मीटरला निम्मा होतो, जडाचा दर ४० मीटरला. म्हणजे विसाव्या मीटरवरच दोघे ५० वर येऊन बरोबरी करतात. चाळिसाव्या मीटरला हलका २५ वर आलेला असतो, जड अजून ३५ वर. (लांबवर मारही जडाचाच जास्त, त्यामुळे डोळ्यांवर पक्का गॉगल हवाच.) गंगापूर धरणाकडच्या उघड्या माळावर आडवा वारा सुटला की हलका छर्रा बाजूला वाहवतो.

मात्र जड छर्रा नुसता भरून चालत नाही, लवकर खाली पडतो. इथे हॉप-अप लागतो. नळीच्या मागच्या टोकाला वरून रबराचा छोटा उंचवटा आत आलेला असतो. त्याला घासून जाताना छर्‍याला उलटी फिरकी मिळते, छर्रा हवेला खाली ढकलतो आणि स्वतः वर तोलला जातो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी १८५२ च्या सुमारास अभ्यासलेला हाच तो परिणाम. टॉपस्पिनचा चेंडू झपकन खाली येतो, त्याच्या नेमकं उलट. जड छर्‍याचं वजन जास्त आणि वेग कमी, म्हणून त्याला फिरकीही जास्त लागते.

१ ज्यूलच्या रायफलीला माझ्या मते ०.२८ किंवा ०.३० चांगला. ०.४० ला तोलण्याइतकी फिरकी साध्या रबराला बहुधा देता येत नाही, आणि रबर फार दाबलं तर वेगच घटतो.

हॉप-अपच्या रबराचा दाब पूर्ण सैल करून सुरुवात करा. नळी आडवी धरा, दाब थोडा थोडा वाढवा, दर वेळी चार-पाच छर्रे सोडून पाहा. छर्रा शेवटी वर उसळला तर दाब थोडा कमी करा. पिशवी बदलली की हे सगळं पुन्हा. निफाडकडच्या थंडीत सकाळी रबर कडक असतं, तेव्हा लावलेला हॉप दुपारी उन्हात परत तपासा.