देवाला गरज नाही म्हणजे देवाला सोयरसुतक नाही असं नव्हे

"देवाला आपली गरज नाही" आणि "देवाला आपलं काही पडलेलं नाही", ही दोन वाक्यं कानाला इतकी सारखी लागतात की बरेच विश्वासी पहिलं ऐकलं तरी दुसरंच ऐकल्यासारखे दचकतात. मग कुणीतरी समजूत घालायला म्हणतं, अगं देव एकटा होता ना म्हणून त्याने माणूस घडवला, तुझ्यावाचून त्याला करमत नाही. गोड आहे, पण पवित्र शास्त्रात असं कुठेच नाहीये. उलट योहान १७:२४ मध्ये येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच तू माझ्यावर प्रीती केलीस, म्हणजे त्रैक्यात (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवात) प्रीती आधीपासूनच भरपूर होती, माणूस नव्हता तेव्हाही.

स्तोत्र ५० तर फारच रोखठोक आहे, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, जग आणि त्यातलं सगळं माझंच आहे असं देव तिथे सुनावतो. आजूबाजूला तेव्हा काय समजूत होती ते बघितलं की याची धार कळते. मेसोपोटेमियातल्या जुन्या जलप्रलयाच्या कथेत माणसं बुडाल्यावर देवांचे नैवेद्यच बंद पडतात, ते उपाशी राहतात, आणि पूर ओसरल्यावर पहिल्या अर्पणाचा वास आला की घोंगावणाऱ्या माश्यांसारखे गोळा होतात. इस्राएलाचा देव असा कुणाच्या अर्पणावर जगत नाही.

आता दुसरी बाजू. ग्रीक तत्त्वज्ञ एपिकूर याचे देवही स्वयंपूर्णच होते बरं का, सुखी, अमर, कुणाकडून काही नको असलेले, पण ते कुणावर रागवत नाहीत आणि कुणावर कृपाही करत नाहीत, जगाच्या भानगडीतच पडत नाहीत. आणि मजा म्हणजे अथेन्समध्ये येशूचा प्रेषित पौल याच्यासमोर याच पंथाचे लोक होते (प्रेषितांची कृत्ये १७). त्यांना तो सांगतो की देवाला काही उणं आहे म्हणून माणसांच्या हातून त्याची सेवा व्हावी असं नाही, इथपर्यंत एपिकूरवाल्यांनी मान डोलावली असती. पण त्याच दमात पौल म्हणतो की तोच सगळ्यांना जीवन, श्वास आणि सर्व काही देतो आणि तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही. माझ्या मते हा सगळा फरक त्या एका भाषणात आलाय.

यावर नेहमीचा प्रश्न येतो, गरज नसेल तर ती प्रीती कसली, कोरडीच की. मला हे उलटं वाटतं. ज्याला आपल्याकडून काही मिळवायचंय त्याच्या प्रेमात कुठेतरी हिशोब असतोच, आपण कमी पडलो तर काय ही धाकधूक राहते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (७:७-८) मोशे इस्राएलला सांगतो, तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून देवाने तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यात थोडे होता, त्याने प्रीती केली म्हणून निवडलं. कारण विचारलं तर उत्तर परत प्रीतीच, आणि पूर्वजांना दिलेलं वचन.

मग येशूला तहान लागली, त्याने विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, त्याचं काय? हा खरा अवघड मुद्दा. ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेत ठरवलं की ख्रिस्त एकच, पण पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, म्हणजे तहान खरीच होती, नाटक नव्हतं, पण ती त्याने आपण होऊन घेतलेल्या मनुष्यपणाची तहान होती. सोयरसुतक नसलेला देव हे कशाला करेल?

मग केंद्रस्थानी कोण, देव की आपण, हा प्रश्न इथेच येतो. "तू नाही केलंस तर देवाचं काम अडेल" अशी वाक्यं सेवेला माणसं लागली की हमखास ऐकू येतात, त्याने माणसं उठून कामाला लागतातही, पण देव बाजूला आणि आपण मध्ये बसतो. बायबलमधल्या एस्तेरच्या गोष्टीत यहुद्यांच्या जिवावर बेतलेलं असताना मर्दखय आपल्या चुलतबहिणीला, राणी एस्तेरला, असं म्हणत नाही. तू गप्प राहिलीस तरी यहुद्यांची सुटका दुसरीकडून होईलच असं तो आधी सांगतो, आणि मग म्हणतो की कोण जाणे, अशाच प्रसंगासाठी तुला राणीपद मिळालं असेल.