सायक्लिन आणि पेशीविभाजनाचे नियंत्रण

माणसाच्या पेशीने केव्हा विभागायचे आणि केव्हा थांबायचे, हे मुख्यतः दोन प्रकारची प्रथिने ठरवतात : सायक्लिने आणि त्यांच्यावर विसंबलेली किनेज विकरे, म्हणजे सीडीके. किनेज पेशीत जवळजवळ सदैव असते, पण सायक्लिन जोडले गेल्याशिवाय ते कामाला लागत नाही. कोकणात खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. होडी तयार, तांडेल तयार, तरी भरतीचे पाणी चढेपर्यंत आत शिरता येत नाही. सायक्लिन ही पेशीतली भरती. ओहोटी मात्र पेशी स्वतः घडवते; काम झालेल्या सायक्लिनवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेत, ते मोडले जाते.

हा चढउतार ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट यांना १९८२ मध्ये सी-अर्चिनच्या अंड्यांत दिसला. ओहोटीला कोकणच्या कातळावरील डबक्यांत जे काटेरी गोळे दिसतात, त्यांच्याच कुळातला हा प्राणी. पुढे १९८७ मध्ये पॉल नर्स यांच्या गटाने यीस्टमधील बिघडलेल्या किनेज जनुकाचे काम माणसाचे जनुक चालवते, हे दाखवले. लेलंड हार्टवेल यांच्यासह या दोघांना २००१ चे नोबेल मिळाले.

सायक्लिन डी आणि ई पेशीला डीएनएची प्रत काढण्याकडे नेतात, तर सायक्लिन बी प्रत्यक्ष विभाजनाकडे. तिथली सावधगिरी विलक्षण आहे. ४६ गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेल्या असतात. त्यांपैकी एक जरी तर्कुतंतूंना, म्हणजे प्रती दोन बाजूंना ओढणाऱ्या धाग्यांना, नीट जोडलेली नसेल, तर मॅड२ आणि त्याची जोडीदार प्रथिने सारे काम अडवून धरतात. सगळ्या जोडल्या गेल्या की सेपरेज हे विकर कडी कापते.

डीएनएला इजा झाली की पी५३ हे पहारेकरी प्रथिन साचते, पी२१ हे दुसरे प्रथिन तयार करवते आणि पी२१ सीडीकेला रोखते. इजा फार असेल तर पेशीला मरण पत्करावे लागते. मिश्रीचा धोका इथेच कळतो. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर घासायची, ही सवय कोकणातल्या कित्येक घरांत आजीपासून नातीपर्यंत आली. ती दात स्वच्छ करण्याची रीत मानणे ही घातक चूक आहे. तंबाखूतील नायट्रोसमाइने ही रसायने डीएनएला इजा करतात, आणि तोंडाच्या कर्करोगात पी५३ चे जनुकच बिघडलेले वारंवार आढळते. अशा पेशीत अडवणारे कोणी उरत नाही. भरती नेमाने येते, इजा झालेल्या डीएनएची प्रत निघते आणि एका पेशीच्या दोन होतात.