चेहऱ्याची लाली आणि मिलिसेकंदांचा हिशेब

लेसरने रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल करणारा त्वचेचा चिवट आजार, मुळापासून बरा होत नाही. पण गालांवर कायम राहणारी लाली आणि नाकाभोवतीच्या बारीक लाल रेषा यांवर प्रकाश जे करतो, ते मलमांना सहसा जमत नाही. पुटकुळ्यांचं गणित वेगळं. त्यांना मेट्रोनिडॅझोल, आयव्हरमेक्टिन, अझेलाइक ॲसिड किंवा कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन लागतं. ऊन, उष्णता किंवा ताणामुळे चेहरा अचानक तापून लाल होतो, तो त्रास प्रकाशाने कमी होईलच असं नाही.

कायमची लाली येते ती रुंदावलेल्या वरवरच्या रक्तवाहिन्यांमुळे. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतं. प्रकाशाची उष्णता होते, वाहिनीची भिंत आतून भाजते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तो निकामी भाग साफ करतं. शेजारची त्वचा शाबूत ठेवून नेमकं लक्ष्य भाजायचं, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं.

खरी मेख आहे ती प्रकाश किती वेळ सोडायचा यात. ०.०५ मिलिमीटर जाडीची वाहिनी साधारण एका मिलिसेकंदात निवते. जाडी दुप्पट झाली की हा वेळ चौपट होतो. प्रकाशाचा झोत याहून फार लांबला, तर उष्णता भोवतालच्या त्वचेत पसरते. फारच आखूड ठेवला तर रक्त एकदम तापतं, वाहिनी फुटते आणि जांभळा डाग उठतो. ५९५ नॅनोमीटरच्या पल्स डाय लेसरवर ०.४५ ते १.५ मिलिसेकंदांचा झोत वापरला तर असे डाग ७ ते १४ दिवस राहू शकतात. ६ ते १० मिलिसेकंद ठेवले की ते बहुधा टळतात, पण सिटिंग वाढतात. चारचौघांत वावरायचं असलेले बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात, आणि ते योग्यच आहे.

५३२ नॅनोमीटरचं केटीपी लेसर सुट्या, वरवरच्या रेषांवर छान चालतं. नाकपुडीच्या कडेची जाड, निळसर वाहिनी खोल असते. तिथे १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर कामी येतं. मात्र या तरंगलांबीचा प्रकाश हिमोग्लोबिन कमी शोषतं, म्हणून ऊर्जा बरीच जास्त द्यावी लागते. एकाच जागी दोनदा झोत बसला तर नाकपुडीवर खड्डा पडू शकतो. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) हे लेसर नव्हेच. तो झेनॉन दिव्याचा अनेक रंगांचा लखलखाट असतो आणि ५१५, ५६० किंवा ५९० नॅनोमीटरखालचा प्रकाश फिल्टरने अडवलेला असतो. पसरट लालीसाठी तो सोयीचा. पण त्याच्या हँडपीसचं टोक आयताकृती असतं. दोन ठशांमध्ये फट राहिली तर गालावर लाल-पांढरे पट्टे दिसतात, आणि ठसे एकमेकांवर जास्त चढले तर भाजतं.

सावळ्या त्वचेत अडचण मेलॅनिनची, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याची. ते वरच्या थरात बसलेलं असतं आणि वाहिनीपर्यंत पोचण्याआधीच प्रकाश गिळतं, विशेषतः कमी तरंगलांबीचा. परिणामी फोड येतात किंवा महिनोनमहिने काळे डाग राहतात. म्हणून अशा त्वचेवर लांब झोत, कमी ऊर्जा, भरपूर गारवा आणि आधी कानापुढच्या छोट्या भागावर चाचणी हवी. ऊन लागून त्वचा काळवंडली असेल तर किमान चार आठवडे थांबावं. गारवा म्हणजे नुसता आराम नव्हे: झोताच्या काही मिलिसेकंद आधी थंड फवारा किंवा झोतादरम्यान नीलमण्याची थंड काच वरचा थर वाचवते.

योग्य परिणाम काही सेकंदांतच दिसतो. रेषा दिसेनाशी होते किंवा निळसर-करडी पडते, तिच्याभोवती हलकी लाली येते. त्वचा स्वतःच पांढुरकी-राखाडी झाली तर वरचा थर भाजला असं समजून तिथेच थांबायचं. बधिर करणाऱ्या काही मलमांनी वाहिन्या आकसतात, लाली तात्पुरती घालवणाऱ्या ब्रिमोनिडीन जेलनेही. लक्ष्यच आकसलं तर प्रकाश शोषायला रक्त उरत नाही, म्हणून काय लावलं आहे ते आधी सांगावं. डोळ्यांवर त्या-त्या तरंगलांबीसाठीचंच संरक्षण हवं. भुवईच्या हाडाच्या आत काम करायचं तर साध्या गॉगलने भागत नाही, पापणीखाली बसणारं धातूचं कवच लागतं.

सहसा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन ते पाच सिटिंग होतात. सूज एक ते तीन दिवस असते. डोकं उंच ठेवून झोपलं की कमी येते. झिंक ऑक्साइड असलेलं एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन रोज लावायचं, आणि सूज असेतो रेटिनॉल व स्क्रब बंद. नव्या वाहिन्या पुढे रुंदावतातच, त्यामुळे वर्षाकाठी एखादी सिटिंग पुन्हा लागू शकते.

या सगळ्याआधी निदान पक्कं हवं. स्टेरॉइड मलम महिनोनमहिने लावून आलेली लाली हुबेहूब रोझेशियासारखी दिसते. तिथे ते मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवणं हाच पहिला उपचार. ल्युपस या रोगप्रतिकारशक्तीच्या आजारातली गालांवरची लाली तर प्रकाशाने भडकूही शकते. पुरुषांनी एक गोष्ट मुद्दाम विचारावी: दाढीच्या भागावर आयपीएल मारल्यास तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात.