अमेरिकेतील सरकारी शाळा आणि संपादणुकीतील दरी : पार्श्वभूमी

एकाच देशात, एकाच इयत्तेत शिकणाऱ्या मुलांच्या संपादणुकीत वर्णानुसार आणि घरच्या उत्पन्नानुसार मोठा फरक का पडतो, हा प्रश्न अमेरिकेतील शालेय सुधारणांच्या मुळाशी आहे. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात कृष्णवर्णीय मुलांना कायद्याने वेगळ्या शाळांत ठेवणे घटनाबाह्य ठरवले. दक्षिणेकडील राज्यांनी मात्र अंमलबजावणी इतकी रेंगाळत ठेवली की, दहा वर्षांनंतरही तेथील बहुसंख्य कृष्णवर्णीय मुले वेगळ्याच शाळांत शिकत होती.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा झाला आणि गरीब वस्त्यांतील शाळांना संघराज्याचा निधी मिळू लागला. पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा, सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध झाला. शाळेतील साधनसामग्रीपेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गातील सोबती यांचा संपादणुकीशी अधिक संबंध दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावरून ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा अर्थ अनेकांनी काढला, तो अन्यायकारक होता; कारण शिक्षकाच्या गुणवत्तेचा परिणाम अल्पसंख्याक मुलांवर अधिक होतो, हेही त्याच अहवालात नोंदवलेले आहे.

या इतिहासातील सर्वांत आशादायक आणि तरीही सर्वांत कमी चर्चिला जाणारा काळ त्यानंतरचा आहे. राष्ट्रीय चाचणीत (गुणपट्टी ० ते ५००) १७ वर्षांच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमधील वाचनाचा सरासरी फरक १९७१ मध्ये ५३ गुणांचा होता. १९८८ पर्यंत तो २० वर आला. या पिढीच्या बालपणी दक्षिणेतील शाळा खऱ्या अर्थाने एकत्र झाल्या, गरीब शाळांना जादा निधी मिळाला आणि कृष्णवर्णीय पालकांचे स्वतःचे शिक्षणही वाढले होते. यातील कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण दरी भरून निघू शकते, याचा याहून ठोस पुरावा शोधण्याची गरज नाही.

१९९० च्या दशकात ही प्रगती थांबली आणि काही अंशी उलटली. त्याआधीच, १९७३ मध्ये, ‘सॅन अँटोनिओ विरुद्ध रॉड्रिग्ज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला होता की, स्थानिक मालमत्ता करावर शाळांचा खर्च चालवल्याने निर्माण होणारी विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग करत नाही. त्यामुळे श्रीमंत आणि गरीब जिल्ह्यांतील तफावतीचा लढा राज्याराज्यांच्या न्यायालयांत गेला आणि त्याची फळे असमान राहिली.

२००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने भर चाचण्यांवर दिला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणिताची परीक्षा, आणि निकाल वर्ण, गरिबी, अपंगत्व व इंग्रजीचे ज्ञान यांनुसार वेगवेगळे जाहीर करण्याचे बंधन त्यात होते. शाळेच्या चांगल्या सरासरीआड मागे पडलेली मुले लपणे त्यामुळे अवघड झाले, आणि हे या कायद्याचे मोठेच श्रेय आहे. परंतु २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्रवीण व्हावे असे उद्दिष्ट ठेवून प्रावीण्याची पातळी मात्र राज्यांवर सोपवल्याने काहींनी ती खाली आणली, आणि अनेक शाळांत परीक्षेबाहेरच्या विषयांचे तास घटले. डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने चाचण्या कायम ठेवल्या, पण सुधारणेचे बहुतेक अधिकार राज्यांकडे परत दिले.

करोनाकाळात जुनी दरी पुन्हा रुंदावली. २०२० ते २०२२ दरम्यान नऊ वर्षांच्या मुलांचे गणितातील सरासरी गुण गोऱ्या मुलांमध्ये ५ ने, तर कृष्णवर्णीय मुलांमध्ये १३ ने घसरले. याच काळात मिसिसिपी या देशातील सर्वांत गरीब राज्यांपैकी एका राज्याकडे लक्ष वेधले गेले. तेथे २०१३ च्या कायद्यानुसार शिक्षकांना वाचन शिकवण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले, मागे पडलेल्या शाळांत मार्गदर्शक नेमले गेले आणि वाचता न येणाऱ्या मुलांना तिसरीतच थांबवण्याचा नियम झाला. या शेवटच्या तरतुदीवर आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत. मात्र चौथीच्या वाचनात २०१३ मध्ये राष्ट्रीय सरासरीच्या १२ गुणांनी मागे असलेले हे राज्य २०२४ मध्ये तिच्या ५ गुणांनी पुढे होते.