५६०० की ५६००जी: एका अक्षरात लपलेला फरक

कमी बजेटच्या गेमिंग पीसीचं कोटेशन मागा, लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, एएमडीच्या प्रोसेसरची दोन नावं हमखास पुढे येतात: रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी. दोन्हींना एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची खाच), दोन्हींत ६ कोर आणि १२ थ्रेड, दोन्ही ६५ वॉटच्या. त्यामुळे ‘जी म्हणजे तीच चिप, वर डिस्प्ले फुकट’ असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही.

हा समज बहुधा इंटेलमुळे होतो. आय५ १२४०० आणि १२४००एफ यांत खरोखर तेवढाच फरक आहे: एफला अंगचं ग्राफिक्स नाही, बाकी सगळं सारखं. एएमडीच्या या दोन चिप मात्र मुळातूनच वेगळ्या आहेत. ५६००जीचं सिलिकॉन लॅपटॉपच्या रायझनचं. त्याच तुकड्यात वेगा ७ नावाचं ग्राफिक्स बसवलंय, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे डेटा नेणारी वाट, ४.० ऐवजी ३.० आहे. गंमत म्हणजे कागदावर जीच सरस दिसते. तिचा बेस क्लॉक (मूळ वेग) ३.९ गिगाहर्ट्झ, ५६००चा ३.५; बूस्ट (कमाल वेग) दोन्हींचा ४.४. गेममध्ये या बेस क्लॉकला फारसा अर्थ नाही, कॅशला आहे. लागणारा डेटा कॅशमध्ये सापडला नाही की प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं आणि तेवढा वेळ कोर नुसता थांबून राहतो. तगडं ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पीवर (फुल एचडीवर) खेळलात तर जी साधारण दहा-पंधरा टक्के मागे पडते. कार्ड साधंच असेल तर हा फरक जवळजवळ दिसत नाही.

पीसीआयचा फटका मात्र नेमका स्वस्त कार्डांना बसतो. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड या वाटेच्या फक्त ४ लेन वापरतं. पीसीआय ४.०वर त्यातून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जातो, ३.०वर निम्मा. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. ती भरली की टेक्श्चर रॅममधून आणावं लागतं, तेही याच अरुंद वाटेने, आणि गेम अडखळायला लागतो. म्हणून ‘आत्ता जी घेऊ, पुढे ६५०० एक्सटी टाकू’ हा बेत आम्ही सरळ खोडून काढतो. आरएक्स ६६०० ८ लेनचं आहे, ते जीवरही निभावून नेतं. मदरबोर्डाकडेही बघा: ए५२० किंवा बी४५० चिपसेटच्या बोर्डावर ५६०० लावली तरी पीसीआय ३.०च मिळतं. ४.० हवं असेल तर बी५५०. बोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनच घ्या, नाहीतर दोन्हींपैकी कुठलीही चिप लावा, स्क्रीन काळीच राहील.

मग जी घ्यायची कोणी? ज्याला पुढचं वर्षभर तरी कार्ड परवडणार नाही, त्याने. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ लो सेटिंगवर नीट चालतात. अट एकच: रॅमच्या दोन स्टिक. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. डीडीआर४ ३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. १६ जीबीची एकच स्टिक घेऊन ‘दुसरी नंतर टाकू’ म्हणाल तर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जोरात आपटतो. ८-८च्या दोन घ्या आणि चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावा. नंतर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) सुरू करा, नाहीतर ३२००ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४००वरच रेंगाळते.

जीवर पुढे कार्ड बसवलंत तर दोन कामं विसरू नका. मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डाला लावा, नाहीतर कार्ड नुसतं फिरत राहील आणि गेम अंगच्या वेगा ग्राफिक्सवरच चालेल. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफरला (अंगच्या ग्राफिक्ससाठी राखलेल्या रॅमला) २ जीबी वगैरे ठरवून दिली असेल तर ती पुन्हा ऑटोवर आणा. नाहीतर तेवढी रॅम अडकूनच राहू शकते. ५६००च्या बाबतीत उलटं: बोर्डावर एचडीएमआय दिसतं, पण त्यातून चित्र येणारच नाही. कार्ड बिघडलं तर मशीन सुरू होतं की नाही हे बघायलासुद्धा दुसरं कार्ड शोधावं लागतं. जुनं, वापरलेलं कार्ड घेणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

या दोघींच्या मध्ये ५५०० उभी असते, आणि तिथे सगळ्यात जास्त फसगत होते. जीचंच सिलिकॉन, ग्राफिक्स बंद केलेलं: १६ एमबी कॅश, पीसीआय ३.०, डिस्प्लेही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. ५६००पेक्षा चांगली स्वस्त पडत असेल तरच विचार करा. ५६००जीटीच्या नावाला भुलू नका. ती बूस्ट ४.६पर्यंत नेलेली जीच आहे.

बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या. ‘रायझन ५, ५००० सिरीज’ एवढ्यावर सही करू नका. मशीन तयार करून दिलं की टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. खाली एल३ कॅशपुढे ३२ एमबी असेल तर ५६००. ५६०० सांगून १६ दिसलं तर दुकान सोडण्याआधीच विचारा.