पार्श्वभूमी : सायलेन्सर बदलण्याआधी इंजिनाची पिढी बघा

बेळगावात बुलेटसाठी सायलेन्सर मागितला की गोल्डस्टार, पंजाबी, इंदोरी, शॉर्ट बॉटल, मेगाफोन ही नावं हमखास कानावर येतात. यातले बरेच आकार ज्या इंजिनांसाठी आले, ती आता नव्या गाड्यांत नाहीत. नावावरून नळी घ्यायची आणि मग गाडी फटाके फोडते, पिकअप पडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो म्हणून गॅरेजच्या खेपा घालायच्या, हे त्यामुळेच होतं.

गोल्डस्टारचंच घ्या. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांहून वेगाने फेरी मारणाऱ्याला सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. १९३७ मध्ये वॉल हँडली यांनी बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवर तो मिळवला आणि कंपनीने त्या नावाचं मॉडेलच काढलं. गोल्डस्टार नावाची आपल्याकडची नळी या घराण्यातली. मुळात ती चढ्या आरपीएमवर ताकद काढणाऱ्या रेसच्या सिंगलसाठी (एका सिलिंडरच्या गाडीसाठी) होती. आणि हेही लक्षात ठेवावं, की शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारींमुळे ब्रुकलँड्सवर १९२० च्या दशकातच सायलेन्सर सक्तीचा झाला होता.

बुलेटची प्रकृती याच्या उलट. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, त्यामागे लष्कराची मागणी होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला हे वेगळं सांगायला नको. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी आणि जड फ्लायव्हील. तिची ताकद खालच्या आरपीएमवर. त्या कास्ट आयर्न इंजिनाला ना सेन्सर, ना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग). नळी मोकळी केली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ व्हायचं, म्हणजे पेट्रोल कमी पडायचं. मिस्त्री कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकायचा, सुईची क्लिप एक खाच खाली घ्यायचा आणि प्लगचा रंग बघायचा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर बरोबर, पांढरा पडला तर अजून पातळ. ‘नळी बदला, जेट बदला, झालं’ ही समजूत त्या काळातली आहे.

म्हैसूरच्या जावा-येझदीला जोडनळ्या होत्या, पण ते टू-स्ट्रोक इंजिन. तिथे नळीचा आकार हा इंजिनाच्या ट्यूनिंगचाच भाग असतो, त्यामुळे दुसरी नळी लावायचा विचारच नको. आतली जाळी काढून कार्बन झाडायचा, एवढंच काम.

क्रूझरची आवड वाढली ती २००० नंतर. २००१ ला एलिमिनेटर, २००२ ला थंडरबर्ड आणि एंटायसर, २००५ ला ॲव्हेंजर. मग हार्ले आली आणि तिच्यासारख्या आवाजाची मागणी सुरू झाली. तो आवाज नळीतून येत नाही. हार्लेच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये (दोन सिलिंडर व्हीच्या आकारात) क्रँकच्या फिरण्यात मोजलेलं दोन स्फोटांमधलं अंतर ३१५ आणि ४०५ अंश असं विषम असतं. सिंगलमध्ये दर ७२० अंशांना एक स्फोट होतो. कितीही महाग नळी लावा, आवाज फक्त मोठा होतो, ठेका तोच राहतो. एन्फिल्डच्या दोन सिलिंडरच्या ६५० ट्विनचा ठेका मात्र खरोखर विषम आहे, २७० आणि ४५० अंशांचा.

२००८-०९ मध्ये एन्फिल्डचं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिन आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि त्याच वर्षी मिटिओरसोबत ७२ × ८५.८ मिमीचं जे-सिरीज इंजिन आलं. आता कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आहे. ऑक्सिजन सेन्सर बेंड पाइपमध्ये (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाइपात) बसतो आणि त्याच्या सांगण्यावरून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणून नळी घेण्याआधी कन्व्हर्टर कुठे आहे ते बघा. तो सायलेन्सरच्या पोटात असेल तर साधी स्लिप-ऑन (फक्त मागची नळी) लावतानाही तो निघून जातो. बेंडसकट पूर्ण सेट घेत असाल तर सेन्सरचं बूच त्याच आट्यांचं आणि त्याच जागी हवं.

स्टील तपासायला चुंबक लावतात, पण ३०४ आणि हलकं २०२ दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या. आतल्या ग्लासवूलचं टोपण रिव्हेटचं नको, बोल्टचं असू द्या. वूल जळतं तसा आवाज वाढतो, ते बदलता आलं पाहिजे.

बसवताना इंजिन थंड हवं आणि गॅस्केट नवं. आधी सगळे नट-बोल्ट हातानेच लावा. मग हेडचे (इंजिनाकडच्या टोकाचे) दोन्ही नट थोडे-थोडे आळीपाळीने आवळा, नंतर क्लॅम्प, शेवटी हँगर. उलट क्रमाने आवळलं की नळी ताणाखाली राहते आणि ब्रॅकेटची वेल्डिंग तडकते. बोटांचे ठसे स्पिरिटने पुसूनच गाडी सुरू करा, नाहीतर ते क्रोमवर भाजून बसतात. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजले तर आधी हेडचा जोड तपासा, तिथून हवा आत ओढली जाते. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

कायद्यात राज्याप्रमाणे सूट नाही. चोर्ल्यातून गोव्यात उतरा किंवा कोगनोळीवरून कोल्हापूरला जा, मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. १७५ सीसीवरच्या दुचाकीला निर्मितीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, वर तीन महिने लायसन्स अपात्र. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत विसंगत बदल चालणार नाही असं सांगितलं. डीबी किलर (आवाज दाबणारा नळीतला तुकडा) काढून फिरू नका. दवाखान्यासमोरून, शाळेसमोरून जाताना त्याचा त्रास खरा असतो.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात नळी बाहेरून नव्हे, आतून सडते. जवळच्या फेऱ्यांत ती पुरती तापत नाही, पाणी आतच साचतं. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी बारीक भोक असतं ते यासाठीच. गळती समजून ते वेल्ड करून बुजवू नका. पावसाळ्यात चिखल बसला की तारेने मोकळं करा.